आपल्या माघारी आपली इच्छा कोणाच्या हाती असते?

कऱ्हाकाठ (धागाकर्ता)

मृत्युपत्र, देहदानाचा संकल्प आणि ज्याला सगळे लिव्हिंग विल म्हणतात ते, शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत हे सांगून ठेवणारे वैद्यकीय इच्छापत्र, या तिन्ही कागदांत एक गोष्ट समान आहे. ज्याने सही केली तो माणूस, कागद अमलात येतो तेव्हा एक तर हयात नसतो किंवा शुद्धीवर नसतो. आपण मागे काय ठेवून जाणार याची चर्चा करताना पैसा, घर, नाव, काम असे सगळे बोलून होते, पण या गोष्टी पुढे कोणाच्या हातात जातात आणि त्या हातांना आपले म्हणणे ठाऊक असते का, याकडे फारसे कोणी वळत नाही. मला या धाग्यावर तेवढ्याच प्रश्नावर बोलायचे आहे.

सुरुवात अरुणा शानभाग यांच्या प्रकरणाने करतो, कारण हा प्रश्न आपल्याकडे इतक्या उघडपणे दुसऱ्या कोणत्याही प्रकरणात पुढे आला नव्हता. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या तरुण परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अत्याचार झाला आणि मेंदूला कायमची इजा होऊन त्या जवळजवळ ४२ वर्षे त्याच रुग्णालयात पडून राहिल्या. त्यांचे अन्न थांबवून त्यांना मरू द्यावे, अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केली. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे उपचार थांबवून मरू देण्याला, काही अटींवर वाट करून देणारा निकाल म्हणून तो प्रसिद्ध आहे, परंतु मला त्यातील दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. अरुणा स्वतः बोलू शकत नाहीत, तर त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, असा तो मुद्दा होता. विराणी यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले होते आणि त्यांची तळमळ न्यायालयाने मान्यही केली. तरीही अरुणांच्या वतीने बोलणारा जवळचा माणूस म्हणून न्यायालयाने मान्यता दिली ती केईएमच्या कर्मचाऱ्यांना, कारण वर्षानुवर्षे अरुणांना भरवणे, पुसणे, कुशीवर वळवणे हे काम त्या परिचारिकांनी केले होते. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण नव्हता, याची नोंद निकालपत्रात आहे. ज्यांनी कधी वैद्यकीय शुश्रूषा केली आहे त्यांना या एका ओळीमागचे कष्ट कळतील. परिचारिकांचे म्हणणे होते की अरुणा जगाव्यात, आणि १८ मे २०१५ पर्यंत त्या जगल्या.

अरुणा यांना स्वतःला काय हवे होते, हे मात्र कोणालाच माहीत नव्हते. पंचविशीतील मुलीने असे काही सांगून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. आपण साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे आहोत आणि आपल्याकडे ती सबब नाही.

दुसरे उदाहरण जुने आहे. जोतीराव फुले यांनी १० जुलै १८८७ रोजी मृत्युपत्र नोंदवले. दत्तक पुत्र यशवंत हा एका ब्राह्मण विधवेचा मुलगा होता, त्यामुळे त्याचा हक्क भाऊबंद मानणार नाहीत याची जोतीरावांना पुरेपूर कल्पना असावी. पुढच्याच वर्षी पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पुरे केले. ते छापून बाहेर आले १८९१ साली, त्यांच्या निधनानंतर. आपला देह जाळू नये, मिठात पुरावा, अशीही त्यांची इच्छा होती आणि घराच्या आवारात तशी जागा करून ठेवली होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले, तेव्हा नगरपालिकेने राहत्या वस्तीत दफनाला परवानगी दिली नाही आणि दहनच करावे लागले. अंत्ययात्रेत पुढे धरायचे मडके, म्हणजे टिटवे, कोणी धरायचे यावरून अपेक्षेप्रमाणे वाद उभा राहिला. त्या वेळी सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवे त्यांनी स्वतः हातात घेतले आणि अग्नीही त्यांनीच दिला.

एकाच माणसाच्या तीन इच्छांचे येथे तीन प्रकार झाले. दफनाची इच्छा सरकारी नियमापुढे टिकली नाही. पुस्तक मागे राहिलेल्यांनी छापले. यशवंतच्या हक्काची गोष्ट नोंदवलेल्या कागदावर होतीच, परंतु ऐन स्मशानाच्या वाटेवर कागद उपयोगी पडला नसता. तेथे सावित्रीबाई होत्या म्हणून निभावले.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे की आपण कसे जगलो याची परीक्षा आपल्या माघारी होते ती आपण किती मिळवले यावर कमी आणि आपले म्हणणे समजून ते रेटून नेईल असे माणूस आपण जोडले का, यावर अधिक. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात वैद्यकीय इच्छापत्राचे नमुने वाटले गेले, तेव्हा बहुतेकांकडे ते कोरेच राहिले. अडचण नोटरीची नव्हती, पैशाचीही नव्हती. ‘मुलापाशी विषय कसा काढायचा?’ हीच अडचण जो तो सांगत होता. ज्यांनी असा विषय घरात काढला आहे, किंवा ज्यांच्यावर अशी इच्छा पार पाडण्याची वेळ आली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अस्थिपंजर

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवत होतो, त्यामुळे देहदानापुरते अधिकाराने बोलू शकतो. देहदानाचा अर्ज भरला म्हणजे देहदान झाले, असा फार मोठा गैरसमज आहे. अर्ज म्हणजे केवळ इच्छा. माणूस गेल्यावर नातेवाइकांनी स्वतःहून फोन केला नाही, तर महाविद्यालयाला ते कळण्याचा मार्गच नसतो. आणि घरातील एखाद्या जवळच्या माणसाने जोराने विरोध केला, तर अर्जावर कितीही साक्षीदारांच्या सह्या असोत, कोणताही विभागप्रमुख तो देह ताब्यात घेत नाही, आणि घेऊही नये असे माझे मत आहे. रडणाऱ्या मुलीच्या हातून वडिलांचा देह कायद्याच्या बळावर ओढून नेणाऱ्या महाविद्यालयाला पुढे त्या गावातून एकही देह मिळणार नाही.

प्रत्यक्षात काय घडते ते सांगतो. माणूस घरी गेला, तर आधी डॉक्टरांकडून मृत्यूचे कारण नमूद केलेला दाखला लागतो. तो मिळेपर्यंत नेत्रपेढीला फोन करावा, कारण नेत्रदान साधारण ६ तासांच्या आत व्हावे लागते आणि डोळे दिल्यानंतरही देहदान करता येते. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, डोक्याखाली उशी घ्यावी आणि पंखा बंद करावा. पंख्याची गोष्ट मी मुद्दाम लिहितो आहे. घरात माणसे जमतात, उकडते, कोणीतरी पंखा लावते आणि बुबुळे कोरडी पडतात. शवचिकित्सा झालेला देह आम्ही घेत नाही. म्हणजे अपघात, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू हे सारे बाद. काही संसर्गजन्य रोग असल्यासही घेता येत नाही. त्यामुळे ‘आमच्या वडिलांचा संकल्प असूनही नाकारले’ अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा बहुतेक वेळा कारण यातलेच एखादे असते. संकल्प करणाऱ्याने ही शक्यता घरच्यांना आधीच सांगून ठेवावी, म्हणजे ऐन वेळी त्यांना अपराधी वाटत नाही.

देह स्वीकारल्यावर मांडीच्या किंवा मानेच्या धमनीतून फॉर्मालिनयुक्त द्रावण भरले जाते आणि मग तो काही महिने किंवा त्याहूनही अधिक काळ विद्यार्थ्यांना शिकवत राहतो. पहिल्या वर्षाची मुले पहिल्या दिवशी विच्छेदनाच्या सभागृहात येतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत असते. ते निम्मे फॉर्मालिनमुळे असते. अनेक महाविद्यालयांत त्या दिवशी देहाबद्दल आदराची शपथ दिली जाते. माझ्या उमेदीच्या काळात आमच्याकडे येणारे बहुतेक देह १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्यानुसार मिळालेले, बेवारस म्हणून नोंदलेले असत. ज्यांना कोणी विचारलेच नाही अशा माणसांवर आमच्या पिढीने वैद्यक शिकले, ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगत असे आणि दरवर्षी वर्ग काही वेळ गप्प होई.

धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की संकल्पपत्र पेटीत ठेवू नये. महाविद्यालयाचा आणि नेत्रपेढीचा दूरध्वनी क्रमांक फ्रीजवर चिकटवावा. रोज दिसणाऱ्या कागदाची घरच्यांना हळूहळू सवय होते, आणि विषय काढण्याची वेगळी वेळ शोधावी लागत नाही.

टाळकरी

मी या चर्चेत थोडा विरोधी सूर लावणार आहे. गेलेल्या माणसाची इच्छा ही मागे राहिलेल्यांवर कायमची हुकमत का असावी, हा प्रश्न वर कोणीच विचारलेला नाही.

माझ्या वडिलांनी स्पष्ट सांगून ठेवले होते की माझे दहावे-तेरावे करायचे नाही, विद्युतदाहिनीत न्या आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागा. ते कडक बुद्धिवादी होते. आई मात्र माळकरी. त्यांच्या पन्नास वर्षांच्या संसारात तिने त्यांच्या मतांपुढे अनेकदा माघार घेतली होती. वडील गेल्यावर तिने एवढेच म्हटले की त्यांना काय वाटत होते ते मला माहीत आहे, पण आता ते नाहीत आणि मी आहे. मी दहावा केला. त्याबद्दल मला आजही खंत नाही, आणि वडिलांचे मित्र माझ्यावर नाराज झाले तेही मी समजू शकतो.

घाटावर जे पाहिले ते मात्र लिहिण्यासारखे आहे. पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. मग रीतीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन हात जोडून मोठ्याने सांगू लागला: धाकट्या भावाचे कर्ज आम्ही फेडू, बहिणीकडे दिवाळीला जाऊ, पुस्तके वाचनालयाला देऊ. शेवटी आई पुढे झाली आणि म्हणाली, ‘तुमच्या मनाविरुद्ध केले, पण एवढे एक माझे ऐका.’ त्यानंतर कावळा आला का, हे मी सांगणार नाही. आस्तिक आणि नास्तिक दोघेही त्यावरून भांडतील. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिववण्याची सोय आपल्या पूर्वजांनी ठेवलेलीच आहे. माझ्या लक्षात राहिले ते असे की गेलेल्याच्या इच्छा चारचौघांत मोठ्याने बोलून दाखवण्याची आणि त्या पार पाडण्याचा शब्द देण्याची दुसरी जागा आमच्या घराला ठाऊकच नव्हती. वडील जिवंत असताना धाकट्या काकांच्या कर्जाविषयी घरात कोणी चकार शब्द काढत नव्हते.

कऱ्हाकाठ

टाळकरी, तुमचा आक्षेप मला मोलाचा वाटतो आणि तो मी टाळणार नाही. माझ्या मते इच्छांमध्ये फरक करायला हवा. स्वतःच्या शरीरावर जिवंतपणी काय उपचार व्हावेत, ही इच्छा सर्वस्वी त्या माणसाची आहे, कारण वेदना त्याला होणार आहेत. तेथे नातेवाइकांनी स्वतःची समजूत घालण्यासाठी त्याला आयसीयूमध्ये नळ्या लावून ठेवणे मला अन्यायाचे वाटते. अंत्यसंस्कारांचे तसे नाही. ते मागे राहिलेल्यांसाठी असतात आणि तुमच्या आईंचा अधिकार तेथे मोठा होता. वडिलांनी तो निर्णय सुनावण्याऐवजी आईंशी बोलून घेतला असता तर कदाचित दोघांनाही पटेल असे काही निघाले असते. मालमत्ता या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येते. वकिलांनी यावर लिहावे.

दिवाणी_दावा

वकिलीत अर्धे आयुष्य वाटणीच्या दाव्यांत गेले, म्हणून लिहितो.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, ते साध्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिले तरी चालते, आणि नोंदणी सक्तीची नाही, जरी ती करावी असेच मी सांगतो. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान आणि शक्यतो मिळकतीत काहीही न मिळणारे असावेत. लोक समवयस्क मित्रांना साक्षीला घेतात आणि गरज पडते तेव्हा साक्षीदारच उरलेले नसतात. दुसरा सार्वत्रिक समज असा की बँकेत किंवा सोसायटीत नामनिर्देशन केले म्हणजे मालकी ठरली. तसे नाही. नॉमिनी हा सामान्यतः विश्वस्तासारखा असतो, रक्कम किंवा मिळकत त्याने वारसांपर्यंत पोहोचवायची असते. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले आहे. एका भावाला नॉमिनी करून ‘तो बघून घेईल’ म्हणणारे वडील दोन भावांत दावा पेरून जातात.

वैद्यकीय इच्छापत्राचा कायदा नवा आहे. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून अशा इच्छापत्राला वैधता दिली, परंतु त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागेल अशी अट घातली. त्या अटीमुळे निकाल जवळजवळ कागदावरच राहिला. २४ जानेवारी २०२३ रोजी ती प्रक्रिया सुलभ करण्यात आली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. आपल्या वतीने निर्णय घेणारे पालक किंवा जवळचे नातेवाईक यांची नावे त्यात लिहावी लागतात आणि ती एकापेक्षा अधिक देता येतात. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे, म्हणजे ती सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्यायची असते. महाराष्ट्रात असे अभिरक्षक नेमले जावेत यासाठी डॉ. निखिल दातार यांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा कोठे हालचाल झाली. इच्छापत्र केव्हाही लेखी रद्द करता येते. बरे होण्याची आशा नसलेला आजार आणि निर्णय घेण्याची क्षमता गेलेली असणे, या दोन्ही गोष्टी असतील तरच ते लागू होते, आणि तेव्हाही रुग्णालयाचे एक व त्यावर दुसरे अशी दोन वैद्यकीय मंडळे तपासणी करतात. इंजेक्शन देऊन जीव घेणे आजही गुन्हाच आहे. अनेक ज्येष्ठांना हा फरक माहीत नसतो आणि मुलांना तर हे सारे ऐकून आपल्यावरच संशय घेतला जाईल असे वाटते.

या सगळ्या मसुद्यात सर्वांत अवघड रकाना कोणता, तर पालकाच्या नावाचा. माझ्यासमोर बसलेली माणसे मालमत्तेची वाटणी घडाघडा सांगतात आणि या रकान्यापाशी पेन थांबते. थोरल्याचे लिहिले तर धाकट्याला काय वाटेल, मुलीचे लिहिले तर जावई काय म्हणेल, आणि बायकोचे लिहिले तर तिच्याने ते होईल का. मी त्यांना सांगतो की जो तुमच्यावर सर्वांत जास्त प्रेम करतो त्याचे नाव लिहू नका, जो डॉक्टरांसमोर न डगमगता तुमचे म्हणणे सांगेल त्याचे लिहा. पुष्कळदा ती व्यक्ती सून असते.

मांडवी

गोव्यातून लिहिते. आमच्याकडे या प्रश्नाचा एक भाग कायद्यानेच सोडवून टाकला आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या वारसा कायद्यानुसार, जो आता २०१२ च्या अधिनियमात आहे, माणसाला आपल्या हिश्शाच्या निम्म्या भागाचीच मनाप्रमाणे विल्हेवाट लावता येते. उरलेला निम्मा मुलांसारख्या सक्तीच्या वारसांचा. रागावून मुलीला बेदखल करणे म्हणूनच सोपे नसते. लहानपणी मला हा कायदा वडीलधाऱ्यांवर अविश्वास दाखवणारा वाटे. आता वाटते, मरणाऱ्याच्या इच्छेला कोठे थांबवायचे याचा तो एक विचार आहे आणि टाळकरी यांच्या आईंना तो आवडला असता.

वैद्यकीय इच्छापत्राच्या बाबतीत मात्र गोव्यात पुढाकार घेतला गेला. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवले. न्यायमूर्तींनीच केल्यामुळे आमच्या वाड्यावरील माणसांनाही तो विषय बोलण्यासारखा वाटू लागला. माझ्या सासऱ्यांनी वर्तमानपत्रातील ती बातमी कापून जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि एक शब्दही न बोलता उठून गेले. विषय काढण्याची हीसुद्धा एक रीत आहे.

धामतीर

वर्धेचा असल्यामुळे विनोबांविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यानंतर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीत, पवनारच्या आश्रमात देह ठेवला. त्यांनी औषध घ्यावे म्हणून अनेकांनी आग्रह केला. तरीही त्यांच्या भोवतीच्या आश्रमवासीयांनी त्यांचा निर्णय मोडला नाही. कायद्याच्या भाषेत त्या वेळी याला कोणताही आधार नव्हता. आधार होता तो वर्षानुवर्षे एकत्र राहून झालेल्या समजुतीचा.

परंतु याच विनोबांच्या दुसऱ्या इच्छेचे काय झाले तेही पाहावे. १९५१ साली पोचमपल्लीला सुरू झालेल्या भूदानात लाखो एकर जमीन मिळाली, आणि त्यांपैकी बराचसा भाग प्रत्यक्ष भूमिहीनांपर्यंत पोहोचलाच नाही. काही जमीन नापीक निघाली, काही वादात अडकली, काहींच्या वारसांनी वडिलांचा शब्द मानला नाही. म्हणजे दहा-वीस माणसांच्या आश्रमात जे साधले ते देशभरातील दात्यांच्या घरांत साधले नाही. धागाकर्त्यांचा मुद्दा मला पटतो, पण त्याला मर्यादा आहे. जोडलेली माणसे मूठभरच असू शकतात, आणि ज्याची इच्छा त्या मुठीत मावत नाही त्याने संस्था उभी करावी किंवा इच्छा लहान ठेवावी.

एकटी

सगळे प्रतिसाद वाचले. प्रत्येकात मुलगा, मुलगी, सून, बायको आहे. मी अविवाहित आहे, नोकरीतून निवृत्त झाले, आई-वडील गेले, एक बहीण नाशिकला असते आणि तिची प्रकृती माझ्याहून नाजूक आहे. माझी रोजची माणसे म्हणजे शेजारच्या बाई आणि बरोबर नोकरी केलेल्या दोन मैत्रिणी. मागे एका रुग्णालयात मला भरती करताना संमतिपत्रावर मैत्रिणीची सही चालणार नाही, ‘घरचे कोणी’ आणा असे सांगण्यात आले. मी शुद्धीवर होते, शेजारीच उभी होते, आणि तरीही माझ्या देखत माझ्या घरच्यांचा शोध चालला होता. केईएमच्या परिचारिकांना अरुणाच्या जवळच्या ठरवायला सर्वोच्च न्यायालय लागले, हे वाचून मला हसू आले आणि रागही आला. माझ्यासारख्यांनी काय करावे?

दिवाणी_दावा

वैद्यकीय इच्छापत्रात मैत्रिणीचे नाव पालक म्हणून लिहिण्यास माझ्या मते अडचण नाही. तुम्हाला तर तो कागद इतरांपेक्षा अधिक गरजेचा आहे, कारण तो नसेल तेव्हाच रुग्णालय रक्ताची नाती शोधते. दोन नावे द्यावीत, त्यांपैकी एक वयाने बरेच लहान असावे. एक प्रत तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे ठेवावी आणि एक शेजारच्या बाईंकडे, कारण रात्री रुग्णवाहिका बोलावणार त्या. मृत्युपत्रात ते अमलात आणणारा व्यवस्थापक नेमावा आणि अंत्यसंस्काराचे त्याला तोंडी नव्हे, लेखी सांगावे. फक्त मृत्युपत्र पुष्कळदा अंत्यसंस्कारानंतर उघडले जाते, म्हणून अंत्यसंस्काराच्या सूचना वेगळ्या कागदावर असाव्यात.

अस्थिपंजर

देहदान करायचे असेल तर मैत्रिणीच्या एकट्या सहीवर महाविद्यालये कचरतात, हे खरे आहे. बहिणीचे किंवा भाचरांचे संमतिपत्र आत्ताच करून ठेवा. बाकी समाजसेवक नानाजी देशमुख हे आपल्याच हिंगोलीकडच्या कडोळी गावचे, अविवाहित. २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूटला वारले आणि त्यांच्या संकल्पाप्रमाणे देह दिल्लीच्या एम्सला देण्यात आला. इतक्या लांबचा प्रवास मागच्या माणसांनी ठरवल्याशिवाय होत नाही.

एकटी

दोघांचेही आभार. काल भाचीला फोन केला. ती पुण्यात नोकरी करते, वय तीस. वकीलसाहेबांनी सांगितलेला रकाना तिला वाचून दाखवला आणि तुझे नाव लिहू का असे विचारले. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘मावशी, मी सही करीन, पण आधी आईला तू स्वतः सांग, मी सांगणार नाही, आणि कोणत्या अवस्थेत थांबायचे ते मला नुसते कागदावर नको, समोर बसून सांग, म्हणजे मला प्रश्न विचारता येतील.’ येत्या रविवारी नाशिकला जाते आहे, तीही येणार आहे. शेजारच्या बाईंना दुसरे नाव म्हणून विचारले, तर त्यांनी उलट मलाच त्यांच्या कागदावर सही करशील का असे विचारले. नोटरीकडे आम्ही दोघी एकदमच जाणार आहोत.